शब्दांची साधना : आचार्य धर्मानंद कोसंबी

ज्या भूभागात आपले विद्यालय उभे आहे, तो धम्माला अपरिचित कधीच नव्हता. मुरबाड तालुक्यातून सह्याद्री चढणारा नाणेघाट हा जुन्नरला कल्याण आणि सोपाऱ्याशी जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग होय. त्या मार्गाच्या वरच्या टोकाला जुन्नरच्या डोंगरांत लेण्यांची रांगच्या रांग आहे. खालच्या बाजूस कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, भिवंडीजवळ लोनाडला लेणे आहे, आणि सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा त्यातून करंडक आणि बुद्धांच्या लहान मूर्ती बाहेर आल्या. पाषाण असा शतकानुशतके टिकून राहिला होता. शब्द मात्र गेला होता. तथागतांनी नेमके काय सांगितले, हे मूळ पालीतून वाचून साध्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत सांगेल असे त्या काळच्या महाराष्ट्रात जवळजवळ कोणीच नव्हते. ज्यांना पाली येत असे ते मोजके पंडित विद्यापीठांत होते, आणि त्यांचे लेखन इंग्रजीत होते.

ही उणीव ज्या एका माणसाने आपल्या उभ्या आयुष्याचे मोल देऊन भरून काढली, त्या आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी त्यांचे नाव ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वाचलेले असेल. परंतु त्या नावामागचा माणूस फारसा परिचित नाही. तो माणूस शाळेत फार शिकला नव्हता, त्याच्यापाशी पदवी नव्हती, आणि विशीच्या मध्यापर्यंत त्याला ना धड संस्कृत येत होते, ना पाली, ना इंग्रजी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. घरी नारळाची बागायत होती आणि तिच्या उत्पन्नावर मोठ्या कुटुंबाचा प्रपंच चाले. प्रकृतीने अशक्त असलेल्या या मुलाचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत जेमतेम झाले आणि मग तो बागायतीच्या कामाला लागला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे काय होणार याची कोणतीही खूण या आरंभात दिसत नाही. दिसते ती एवढीच गोष्ट की हा तरुण हाती पडेल ते मराठी पुस्तक आणि मासिक वाचत असे, आणि तुकोबांची गाथा त्याच्या मनात घर करून होती.

अशा वाचनातच एक दिवस मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धांचे छोटेसे चरित्र त्यांच्या हाती आले. त्या लेखाने त्यांचे आयुष्य बदलले, हे त्यांनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात स्पष्ट नोंदविले आहे. आम्हांस या घटनेत एक गोष्ट विशेष वाटते. तो लेख कोणा प्रकांड पंडिताचा शोधनिबंध नव्हता. मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिलेली चार पाने होती. ती कोणीतरी नीट लिहिली म्हणून गोव्याच्या माडांत नारळ मोजणाऱ्या एका तरुणापर्यंत बुद्ध पोहोचले. पुढे धर्मानंदांनी स्वतः मराठीत जे लिहिले, ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे असाच वाचक असावा, असे त्यांची पुस्तके वाचताना पदोपदी जाणवते.

१८९९ साली वडील वारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. घरी तरुण पत्नी होती आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. या त्यागाचे वर्णन करताना चरित्रकार बहुधा सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची आठवण करून देतात. आम्ही ती करून देणार नाही. बाळाबाईंच्या वाट्याला त्यानंतरची सुमारे सात वर्षे कशी आली असतील, याचा विचार केल्यावाचून या गृहत्यागाचा गौरव करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. धर्मानंदांचे पुढील सारे कार्य ज्या मोलावर उभे राहिले, त्यातील एक मोठा हिस्सा या माउलीने भरला आहे. तिचे नाव कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही.

ते प्रथम पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे गेले. बौद्ध धर्माचा अभ्यास करावयाचा तर आधी संस्कृत हवे, म्हणून संस्कृताच्या शोधात ते ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात एक वेळ जेवायचे आणि शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण घोकायचे, असा त्यांचा क्रम होता. वस्त्र अपुरे, थंडी कडक आणि शहरात प्लेगची साथ. परंतु काशीत संस्कृत मिळाले तरी बुद्ध मिळेनात. बुद्धांचा धर्म नेपाळात जिवंत आहे असे ऐकून १९०२ च्या आरंभी ते एका नेपाळी सहाध्यायाबरोबर पायी काठमांडूला गेले. तेथे जे दिसले त्याने त्यांची घोर निराशा झाली. परतताना बोधगयेस एका भिक्खूने सिंहलद्वीपाचे नाव सांगितले, आणि हा निष्कांचन प्रवासी कलकत्त्यास महाबोधी सभेत जाऊन तेथून कोलंबोला रवाना झाला.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगलाचार्य यांच्या हाताखाली धर्मानंदांना अखेर ते मिळाले ज्यासाठी त्यांनी घर सोडले होते. ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. तेथील अन्न त्यांच्या प्रकृतीला मानवेना, आजारपण पाठ सोडीना. तरीही तिपिटकाचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. पुढे मद्रासेत प्रा. लक्ष्मी नरसू यांचा सहवास लाभला. हे तेच लक्ष्मी नरसू, ज्यांचा बौद्ध धर्माच्या सारावरील इंग्रजी ग्रंथ पुढे १९४८ साली परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा प्रकाशात आणला. मद्रासेहून धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. तेथे सगाइंगच्या डोंगरातील गुहेत ज्ञानतिलोक या जर्मन भिक्खूच्या सोबतीने त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. मग भारतात परतून बुद्धांच्या पावलांनी पवित्र झालेल्या स्थळांची यात्रा केली; कुशीनगर, लुंबिनी, बोधगया ही स्थळे त्यांनी भिक्षेवर निर्वाह करीत पाहिली.

येथे लेखनाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या सात वर्षांत धर्मानंदांनी पुस्तक म्हणून काही लिहिले नाही. पंचवीस ते तीस हे वय बहुतेक लेखकांच्या बाबतीत पहिल्या उत्साहाच्या लेखनाचे असते. धर्मानंदांनी ते भाषा शिकण्यात, पाठांतरात आणि ध्यानात घालविले. आधी शील, मग समाधी, मग प्रज्ञा हा जो क्रम बौद्ध साधनेत सांगितला आहे, तो त्यांनी आपल्या लेखणीलाही लावला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले आणि त्यांनी भिक्खूवेष उतरविला. चीवर उतरविणे हे काहींना अधःपतन वाटले असेल. धर्मानंदांचा विचार निराळा होता: आपल्याला जे मिळाले ते आपल्या देशबांधवांना द्यायचे, विशेषतः महाराष्ट्राला द्यायचे, तर आता गृहस्थ होऊनच ते साधेल. बाळाबाईंना त्यांनी कलकत्त्यास आणले. राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पाठोपाठ कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. आशुतोष मुखर्जींसारखा कुलगुरू पाठीशी होता. वेतन चांगले होते आणि वाढण्याची आशा होती. याच सुमारास बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाकाठी एखादे पुस्तक लिहावे, आणि दरमहा ५० रुपये घ्यावे. कलकत्त्याच्या वेतनापुढे ही रक्कम फारच थोडी होती. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले.

मराठी बौद्ध वाङ्मयाचा इतिहास जेव्हा कोणी सविस्तर लिहील, तेव्हा या ५० रुपयांची नोंद त्याला ठळकपणे करावी लागेल. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटे पुस्तक १९१० साली निघाले. १९१४ साली ‘बुद्धलीलासारसंग्रह’ प्रसिद्ध झाला. पुढे ‘लघुपाठ’, ‘जातककथा’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ अशी एकामागून एक पुस्तके येत गेली. यांपैकी एकही पुस्तक विद्वानांवर छाप पाडण्यासाठी लिहिलेले नाही. ‘समाधिमार्ग’ घ्या. ध्यानासारखा विषय, ज्याभोवती आजही गूढतेचे पडदे टांगले जातात. धर्मानंद तो शेतकऱ्याला मशागत समजावून सांगावी तशा सरळपणे सांगतात. वाक्य लहान, शब्द नेहमीचे, पाली संज्ञा आली की लगेच तिचा अर्थ. स्वतःच्या अनुभवाची फुशारकी कोठेही नाही, आणि जे स्वतः पडताळले नाही त्याचा दावाही नाही.

आता त्यांच्या लेखनजीवनातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कठीण प्रकरणाकडे वळू.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी अनुराधपूरच्या महाविहारात ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धीचा मार्ग सांगणारा हा तेवीस परिच्छेदांचा ग्रंथ थेरवादी परंपरेत तिपिटकाखालोखाल मानला जातो. सिंहली परंपरेत त्याविषयी एक आख्यायिका आहे. बुद्धघोषांनी ग्रंथ पुरा केला की देवता तो लपवून ठेवीत. त्यांनी तो दुसऱ्यांदा लिहिला, तोही नाहीसा झाला. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर देवतांनी आधीच्या दोन्ही प्रती परत केल्या, आणि भिक्खुसंघाने तिन्ही प्रती एकत्र वाचून पाहिल्या तेव्हा त्यांत एका अक्षराचाही फरक निघाला नाही. कथा म्हणून ती घ्यावी. परंतु ज्याने एखादे लिखाण हरवल्यावर ते पुन्हा लिहून काढले आहे, त्याला तिचे मर्म सांगावे लागणार नाही.

या ग्रंथाची संशोधित आवृत्ती अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने सुरू केली होती. लहानपणीच्या अपघाताने पाठीचा कणा दुखावलेला हा मनुष्य आयुष्यभर वेदना सोसत पालीचा अभ्यास करीत राहिला आणि १८९९ साली, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी, काम अपुरे टाकून वारला. हार्वर्डचे प्रा. जेम्स वुड्स मुंबईस आले असता धर्मानंदांपाशी पाली शिकले होते. त्यांच्या शिफारशीने प्रा. लॅनमन यांनी हे अपुरे काम पुरे करण्यासाठी धर्मानंदांना बोलाविले, आणि १९१० साली ते अमेरिकेस गेले.

काम कष्टाचे होते. ब्रह्मी आणि सिंहली लिपींतील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहायची, पाठभेद टिपायचे, बुद्धघोषांनी घेतलेली प्रत्येक अवतरणे तिपिटकात आणि अट्ठकथांत शोधून काढायची. ज्याने पाली परिवेणात बसून मुखोद्गत केली होती, असा माणूस त्या काळी हार्वर्डात दुसरा नव्हता. धर्मानंदांनी वॉरन यांचे काम नुसते तपासले नाही, तर त्याचा मोठा भाग नव्याने केला. परंतु ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव असावे, हा प्रश्न निघाला तेव्हा लॅनमन यांना वॉरन यांच्याशेजारी धर्मानंदांचे नाव योग्य त्या मानाने घालणे मंजूर नव्हते. धर्मानंदांनी वाद वाढविला नाही आणि तडजोडही केली नाही. १९१२ च्या आरंभी ते मायदेशी निघून आले.

येथे वाचकाच्या मनात शंका येईल. ज्याने दरमहा ५० रुपयांसाठी विद्यापीठाची नोकरी सोडली, चीवर धारण केले आणि उतरविले, त्याला नावाचा एवढा मोह कशासाठी? आम्ही या शंकेचा बराच विचार केला. आमचे मत असे आहे की हा मोह नव्हता. केलेले काम कोणी केले हे खरे सांगणे हा सत्याचा भाग आहे, आणि दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव चढविणे हे अदिन्नादानच होय. न दिलेले घेणे. आपण रोज सकाळी पंचशील घेताना ज्या दुसऱ्या शीलाचा उच्चार करतो, ते पुस्तकाच्या पहिल्या पानालाही लागू आहे. आपल्या समाजाला तर हे अधिक सांगण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हे आपण पाहिले आहे. धर्मानंदांनी मान मागितला नाही, खरेपणा मागितला. आणि तो मिळेना म्हणून रागाने काही न बोलता हातातील काम खाली ठेवले.

पण कायमचे नाही. १९१८ साली वुड्स यांच्या आग्रहाने ते पुन्हा गेले, या वेळी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर या मुलांना घेऊन. १९२२ साली परतले तेव्हाही ग्रंथ छापून झालेला नव्हता आणि वाद मिटलेला नव्हता. लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६ मध्ये ते तिसऱ्यांदा गेले, १९३१ मध्ये चौथ्यांदा. एका ग्रंथासाठी चार वेळा सागर ओलांडणे, आणि प्रत्येक वेळी तीच पाने, तेच पाठभेद. दरम्यान त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली, ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने प्रसिद्ध केली. आणि त्यावर पालीत ‘दीपिका’ नावाची टीकाही लिहिली, जी सारनाथच्या महाबोधी सभेने १९४३ साली छापली. विसाव्या शतकात पालीत नवी टीका लिहिणारा मराठी माणूस! आम्हांस हे वाचून अभिमान वाटला हे लपविण्यात अर्थ नाही.

या चार प्रवासांच्या मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात या भाषेला स्थान मिळाले आणि पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीशी त्यांचा स्नेह होता. सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात भिक्खूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावीत म्हणून जी बुद्धवचने नावानिशी सांगितली आहेत, ती तिपिटकातील कोणती, याचा शोध घेणारा त्यांचा निबंध याच काळातला. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काही वर्षे काम केले. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला प्रा. श्चेरबात्स्की यांच्या संस्थेत गेले; १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले. १९२४ साली ‘निवेदन’ प्रसिद्ध झाले. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ आहेत. स्वतःचे दोष, भ्रम आणि दौर्बल्य इतक्या शांतपणे सांगणारी थोडी आहेत. आपल्या विद्यालयातील वरच्या वर्गांच्या मुलामुलींनी ते अवश्य वाचावे.

१९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ स्थापन केला. बांधकामाचा खर्च बिर्लांनी दिला, पण विहाराचे नाव आणि जागा धर्मानंदांच्या मनातली होती. त्या काळी आपल्या शहापूर–मुरबाडसारख्या तालुक्यांतून आणि कोकण–घाटावरून पोट भरायला मुंबईस गेलेली माणसे परळ–नायगावच्या चाळींत दाटीवाटीने राहत. हार्वर्ड आणि लेनिनग्राड पाहिलेला हा पंडित त्या वस्तीत जाऊन राहिला आणि गिरणीतून सुटून आलेल्या माणसांशी बुद्धांविषयी बोलू लागला. विहाराचे काम दीर्घकाळ त्यांच्या हातून होऊ शकले नाही. तरी १९५६ च्या धम्मदीक्षेच्या एकोणीस वर्षे आधी मुंबईच्या कामगारांसाठी कोणी विहार उभारला होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आपल्यापैकी काहींना धर्मानंदांचे गांधीजींशी असलेले नाते अडचणीचे वाटते, आणि ते आम्ही समजू शकतो. ते नाते होते आणि निकटचे होते. परंतु त्यामुळे त्यांच्या ग्रंथांकडे पाठ फिरविली तर नुकसान आपलेच आहे. त्यांच्या संशोधनाचे मोल कोणाच्याही अनुयायित्वावर अवलंबून नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे १९४०–४१ च्या सुमारास दोन भागांत नागपूरहून निघालेला ‘भगवान बुद्ध’. या ग्रंथात धर्मानंदांनी तिपिटकाचे जुने आणि नंतरचे थर वेगळे करून पाहिले. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथा मुळात विपस्सी बुद्धांची असून ती नंतर गौतम बुद्धांच्या चरित्राला जोडली गेली, असे त्यांनी दाखविले. मध्यरात्री सारथ्याला घेऊन गुपचूप निघून जाण्याची कथाही त्यांनी मान्य केली नाही. आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत गौतमाने घर सोडले, हे सुत्तातील साधे वर्णन त्यांना अधिक विश्वसनीय वाटले. मग गृहत्यागाचे कारण काय? सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी सांगितले की शस्त्र हाती घेऊन एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या समाजाच्या दर्शनाने ते व्यथित झाले. आणि त्यामागे शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा होता. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचाच तंटा येतो, हे आपले वाचक जाणतातच. भातसेचे पाणी मुंबईला जाताना पाहणाऱ्या आपल्या भागातील माणसाला पाण्यावरून माणसे शस्त्रे का उपसतात हे समजावून द्यावे लागत नाही.

या ग्रंथातील मांसाहारावरील प्रकरणाने वादळ उठविले. प्राचीन काळी बौद्ध भिक्खूंप्रमाणे जैन श्रमणही मांस घेत असत, असे त्यांनी आधारांनिशी लिहिले होते, आणि जैन समाजातील अनेकांना ते लागले. निषेध झाले, माघार घेण्याची मागणी झाली. आधार चुकीचा दाखविल्यास विचार करू, परंतु कोणाला दुखते म्हणून पुराव्याने सिद्ध झालेले पान फाडणार नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. गंमत अशी की याच काळात ते स्वतः जैन परंपरेतील पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे अत्यंत आदराने पाहत होते आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह या चार यामांवर पुस्तक लिहीत होते. ज्यांचा आदर करायचा त्यांच्याविषयी अप्रिय सत्यही लिहायचे, या दोन गोष्टींत त्यांना विसंगती दिसली नाही.

आयुष्याची अखेर त्यांनी ज्या मार्गाने केली, तो मार्ग मात्र आम्हांस पेलत नाही. व्याधींनी शरीर जर्जर झाले, हातून आता काही सेवा होणार नाही असे वाटू लागले, तेव्हा पार्श्वनाथांच्या परंपरेला अनुसरून अन्नत्याग करून देह ठेवावा असा निश्चय त्यांनी केला. १९४६ साली उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे त्यांनी उपवास आरंभिला. गांधीजींच्या विनंतीवरून तो सोडला. पुढील वर्षी सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर जून १९४७ मध्ये त्यांचे निर्वाण झाले. तथागतांनी उरुवेलेच्या वनात देहदंडाचा मार्ग कसून पाहिला आणि सोडून दिला. सुजातेची खीर स्वीकारली. मध्यम मार्ग मराठीत समजावून सांगण्यात ज्याने हयात वेचली, त्याने अखेरीस अन्न दूर सारावे, याचे दुःख आम्हांस वाटते. त्यांच्या निश्चयातील शांती आणि निर्लोभता यांपुढे आमचे मस्तक नमते, तरीही हे दुःख उरतेच. त्यांनी आपल्यामागे आपले स्मारक मागितले नाही. पालीच्या अभ्यासासाठी काही विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठवावे, एवढी इच्छा व्यक्त केली.

त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तके येत राहिली. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ १९४९ साली प्रसिद्ध झाले. सुत्तनिपाताचे त्यांचे मराठी भाषांतर पुस्तकरूपाने पुढे वाचकांच्या हाती आले. ‘भगवान बुद्ध’ साहित्य अकादमीने निवडून अनेक भारतीय भाषांत नेला. मुलगा दामोदर गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला, आणि नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे ‘निवेदन’ इंग्रजीत आणले.

आणि १९५० साली हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड म्हणून ‘विसुद्धिमग्ग’ छापून बाहेर पडला. धर्मानंदांनी तो प्रथम हाती घेतला त्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. मुखपृष्ठावर संपादक म्हणून हेन्री क्लार्क वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे, अशी दोन नावे आहेत. दोघांपैकी कोणीही तो छापलेला पाहिला नाही.